पोरगं विंगला पळतंय, बारावीचं काय करू?

पत्र

नमस्कार. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर काम करतो. तिशीपर्यंत तालमीच्या फुटबॉल संघाकडून बॅकला, म्हणजे बचावाला, खेळलो. मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत आहे, डाव्या विंगला, म्हणजे डाव्या कडेनं पुढं, खेळतो. गेल्या हंगामात त्याला सीनियर संघातून चार सामने मिळाले. शाहू स्टेडियमवर बॉल त्याच्याकडं गेला की लोक उठून उभे राहतात. एकदा सुटला की कुणाच्या बापाला सापडत नाही. आता एक एजंट भेटलाय. म्हणतो, पोर्तुगालच्या अकॅडमीत सहा महिने ठेवू, तिथं क्लबची माणसं बघायला येतात, करार होतो. साडेचार लाख भरायचे, निम्मे आत्ता. पोरगं म्हणतंय बारावी सोडतो. आमची मंडळी म्हणतात आधी बारावी, मग काय ते. पंधरा दिवस घरात धड जेवण नाही. उंची पाच फूट पाच इंच, तीही काळजी आहेच. शिवाय मांडीच्या मागची शीर अधूनमधून धरते, पण गडी सामना सोडत नाही. विंगरचं करिअर म्हणजे नेमकं काय असतं आणि आम्ही काय करावं, ते सांगा.
– एक बाप, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार.

पैसे भरू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगतो, कारण 'निम्मे आत्ता' म्हणणारा माणूस तुम्हाला सावकाश विचार करू देणार नाही.

खेळाडूंच्या नोंदणीबद्दल फिफाचे नियम आहेत. त्यातलं एकोणिसावं कलम सांगतं, की १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय खेळाडूची बदली एका देशातून दुसऱ्या देशात होत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणानं त्या देशात राहायला गेले तर, किंवा मुलगा युरोपीय संघाच्या किंवा युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या हद्दीतच १६ नंतर क्लब बदलत असेल तर, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील तर. उद्यमनगर यातल्या कशात बसतं ते तुम्हीच बघा. हा नियम कागदावरच पडून आहे असंही नाही. परदेशी अल्पवयीन मुलांची नोंदणी नियम मोडून केली म्हणून बार्सिलोनावर कारवाई झाली. २०१५ सालचं अख्खं वर्ष त्यांना नवा खेळाडू नोंदवता आला नाही. अर्दा तुरानला त्यांनी त्या उन्हाळ्यात विकत घेतलं आणि जानेवारी २०१६ उजाडेपर्यंत तो नुसता सराव करत राहिला. बार्सिलोनाला जे जमलं नाही ते तुमचा एजंट साडेचार लाखांत जमवणार आहे!

मग त्या पैशांत मिळणार काय? परदेशातली शिकवणी, राहण्याजेवणासकट. ती वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पण ती तुम्हाला नोकरीची वाट म्हणून विकली जातेय, ते खोटं आहे. सहा महिन्यांनी मुलगा साडेसोळा-सतरा वर्षांचा असेल, परदेशी करारासाठी वय न भरलेला, आणि बारावीचं वर्ष बुडवून परत आलेला.

एजंटाला एक साधा प्रश्न विचारा: फिफाचा परवाना आहे का, असेल तर क्रमांक द्या. २०२३ पासून परीक्षा देऊन तो परवाना घ्यावा लागतो. मुलगा अल्पवयीन असेल तर पालकाच्या लेखी संमतीशिवाय एजंटानं त्याच्याशी बोलणीही करायची नसतात. आणि खऱ्या एजंटाची कमाई करारातून निघते, करार झाल्यावर. जो आधी पैसे मागतो तो फार तर ट्रॅव्हल एजंट.

आपल्याकडचा विंगर परदेशी जातच नाही असं नाही. गोव्याचा रोमिओ फर्नांडिस २०१५ साली ब्राझीलच्या अॅटलेटिको परानाएन्सेकडं गेला. पण तो तेव्हा २२ वर्षांचा होता, डेम्पोकडून आणि एफसी गोवाकडून खेळून झालेला, आणि एका क्लबानं दुसऱ्या क्लबाला उसना दिलेला. त्याच्या बापाला पतपेढीत जावं लागलं नाही.

आता विंगरच्या करिअरचं. हे मी तुम्हाला शिकवण्याऐवजी तुम्हीच मला सांगितलं पाहिजे, कारण तुम्ही बॅकला खेळलात. जरा आठवून बघा, हंगामभर कुठल्या विंगरनं तुमची झोप उडवली होती? सगळ्यात जास्त पळणाऱ्यानं? मला नाही वाटत. नुसत्या पळणाऱ्याला कसं बसवायचं हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. दोन पावलं मागं राहायचं, आतली बाजू बंद करायची, लाइनची वाट मोकळी ठेवायची. पळ म्हणायचं. तो पळतो, बॉल त्याच्यापुढं पळतो, आणि शेवटी गोलकिक. लोक टाळ्या वाजवतात, बॅक शांतपणे परत येतो.

त्रास देतो तो थांबणारा. भर वेगात येऊन एकदम थांबतो, तुमचं वजन टाचांवर जातं, आणि तो परत सुटतो. किंवा सुटतच नाही, तिथूनच बॉल आत टाकतो. स्टॅनली मॅथ्यूज शेवटचा लीग सामना खेळला तो ६ फेब्रुवारी १९६५ ला, स्टोक सिटीकडून, इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये. पन्नासावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले होते. पन्नाशीत कोणी विशीतल्या बॅकला पळून हरवत नाही. खांदा एकीकडं टाकून दुसरीकडून निघायचं, ही त्याची एकच खोड होती म्हणतात. समोरच्याला ती माहीत असायची, तरी तो फसायचा.

वेग ही विंगरला मिळालेली उसनवारी आहे. वीस ते अठ्ठावीस, फार तर तिशीपर्यंत ती चालते. ती फेडायची वेळ येण्याआधी दुसरं काहीतरी कमवून ठेवलेलं असावं लागतं. मी हे फार उशिरा शिकलो, तेही एका पायानं.

मी मुंबईत एका कंपनीच्या संघाकडून उजव्या विंगला अकरा हंगाम खेळलो. त्यातले पहिले सहा खरे, नंतरचे पाच आठवणींवर. सहाव्या हंगामात तीन आठवडे मांडी मागून धरत होती. बाम चोळायचो, गरम पट्टी बांधायचो, मैदानात उतरायचो. कूपरेज मैदानावर सत्तराव्या मिनिटाला लाइनलगत बॉल मिळाला, बॅकला मागं टाकलं आणि मांडीवर मागून कोणीतरी दगड मारला. प्रेक्षकांतून आला असेल म्हणून मी वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं. दगडही नव्हता. पुढचं पाऊल टाकायला गेलो तेव्हा कळलं.

चार महिन्यांनी परत खेळायला लागलो. डॉक्टर म्हणाले पाय ठीक आहे, आणि तो ठीकच होता. फक्त अर्धं पाऊल गेलं होतं. आधी ज्या बॅकच्या बाजूनं मी निघून जायचो, त्याच्या बुटाचं टोक आता बॉलला लागायचं. तेवढंच. पाच वर्षांनी कंपनीनं संघच बंद केला. आम्हाला कळलं ते नोटीस बोर्डावरून. मी कंपनीच्या पगारपत्रकावर कारकून होतो म्हणून माझी चूल पेटत राहिली. कंत्राटावर खेळणारी आमच्यातली सात पोरं त्या संध्याकाळी बुटांच्या पिशव्या घेऊन चर्चगेटला उभी होती, आणि कोणी लोकल पकडत नव्हतं. मला ती कारकुनी मिळाली होती बी.कॉम.मुळं. त्या बी.कॉम.चा राहिलेला एक विषय आईनं मागं लागून सोडवून घेतला होता. तुमच्या मंडळींचं म्हणणं वाचताना मला तिचीच आठवण झाली, हे कबूल करतो.

असं माझ्याच वाट्याला आलं असंही नाही. राष्ट्रीय लीग जिंकलेल्या महिंद्रा युनायटेडनं २०१० मध्ये संघ बंद केला, पहिली राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या फगवाड्याच्या जेसीटीनं २०११ मध्ये. आणि ताजं म्हणाल तर जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगामच लांबणीवर पडला. स्पर्धा चालवणारी कंपनी आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला करार संपत आला होता आणि पुढचा ठरत नव्हता. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. हे देशातल्या सगळ्यात वरच्या पायरीवरचे खेळाडू होते, गावातले नव्हे.

म्हणून बारावी. मार्कांसाठी नाही म्हणत मी. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण जागेला लागणारं शिक्षण त्यातून माफ होत नाही, आणि स्पर्धेचं प्रमाणपत्र क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावं लागतं. तेव्हा शाळा-कॉलेजच्या राज्य, राष्ट्रीय स्पर्धांचा प्रत्येक कागद जपा. बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्याचा अर्ज कॉलेजात वेळेवर भरा. 'कॉलेजात वेळ जातो' म्हणणाऱ्या पोराला विचारा, दिवसातले किती तास तो मैदानावर असतो. दोन? तीन? उरलेले एकवीस तास पोर्तुगालमध्येही असतातच की.

उंचीचं सोडा. तो स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, असता तर मीही काळजी केली असती.

शीर मात्र सोडू नका. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य तेच. १६ व्या वर्षी, हाडं वाढत असताना, सीनियरच्या सामन्यात धरलेल्या मांडीवर खेळणं ही मर्दानगी नाही. तुमच्याकडं पेठेची इज्जत फार मोठी, मला ठाऊक आहे. समोर दुसऱ्या पेठेचा संघ असला की ताप अंगावर काढून गडी उतरतात. पण मांडीची शीर फाटली की पेठ दोन दिवस विचारपूस करते आणि तिसऱ्या दिवशी नवा विंगर शोधते. पेठेचीही चूक नाही त्यात, सामना रविवारी असतो. आधी खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरकडं किंवा फिजिओकडं न्या. ते सांगतील तितके आठवडे बंद म्हणजे बंद, घराजवळच्या टेनिस बॉलच्या सामन्यासकट.

ते हो म्हणाले की एक व्यायाम सुरू करा. याला दोन माणसं लागतात, म्हणून तुमच्याकडं देतोय. घरात सतरंजीची दुहेरी घडी घाला. पोरानं गुडघ्यांवर ताठ उभं राहायचं, तुम्ही मागं बसून त्याच्या दोन्ही घोट्यांवर वजन टाकायचं. मग त्यानं कमरेत न वाकता, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत एक फळी करून, हळूहळू पुढं झुकायचं. जितका वेळ मांडीच्या मागच्या स्नायूंनी स्वतःला धरून ठेवता येईल तितका. नाहीच धरवलं की हातांवर पडायचं. पहिल्या दिवशी चार-पाच वेळा पुरे. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तो तुम्हाला शिव्या देईल, मनातल्या मनात. याला नॉर्डिक म्हणतात. नियमानं करणाऱ्या संघांत या शिरेच्या दुखापती निम्म्याच्या आसपास उतरल्याचं अभ्यासांतून दिसलंय. आमच्या वेळी हे कोणी सांगितलं नाही. आम्ही मैदानाला पाच फेऱ्या मारायचो आणि त्यालाच वॉर्मअप म्हणायचो.

मघाशी म्हणालो, वेग फेडायच्या आत दुसरं काही कमवून ठेवावं लागतं. मंदार राव देसाई नीट बघा. म्हापशाचा पोरगा, डावी विंग, तुमच्या मुलाचीच जागा. एफसी गोवाला सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले आणि मंदार मागं सरकला, लेफ्ट बॅकला. विंगरला मागं खेळ म्हटलं की त्याला बढतीच्या जागी बदली झाल्यासारखं वाटतं. मी असतो तर तोंड पाडून बसलो असतो. मंदार खेळला. २०१९ साली, सत्ताविशीत, भारताची जर्सी त्याला मिळाली ती बॅक म्हणून. आणि आयएसएलमध्ये शंभर सामने सगळ्यांत आधी पूर्ण केले ते यानंच. रायन गिग्ज १९९१ मध्ये सतराव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडच्या डाव्या विंगला आला. मांडीच्या मागच्या याच शिरेनं, हॅमस्ट्रिंगनं, त्याला पुष्कळ छळलं. मग योगासनं आली, मग तो मैदानाच्या मधोमध सरकला, आणि २०१४ मध्ये चाळिशीत थांबला तेव्हा ९६३ सामने झाले होते.

तुमच्या घरात बॅक बसलाय आणि पोरगं विंगर आहे. अशी शिकवणी पोर्तुगालमध्ये मिळणार नाही. त्याला बॅकचं काम शिकवा. अंग कसं तिरकं ठेवायचं, मागून धावणारा कसा बघायचा, टॅकल कधी करायचं नाही. शिकता शिकता त्याला बॅक कुठं फसतो तेही कळेल, म्हणजे तो विंगर म्हणूनही वाढेल.

आणि एक काम करा. पुढचे तीन सामने तुमच्या नेहमीच्या जागी, मित्रांच्यात बसून बघू नका. कॉर्नरच्या अंगाला एकटे बसा, जुनी लग्नपत्रिका न्या, मागच्या कोऱ्या बाजूला रेघा मारा. बॉल किती वेळा मिळाला. मिळायच्या आधी त्यानं मान वळवून मागं बघितलं होतं का. बॉल आत टाकला तो आपल्या माणसाला लागला का. उजव्या पायानं काही केलं का. आणि बॉल गेल्यावर? पहिली पाच-सहा पावलं परत धावला, की कमरेवर हात ठेवून रेफ्रीकडं बघत उभा राहिला? निवड करायला येणारी माणसं याच गोष्टी बघतात. वेग त्यांना पहिल्या मिनिटाला दिसलेला असतो, त्यासाठी ते थांबलेले नसतात.

लालियानझुआला छांगटे पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सकडून खेळायचा तेव्हाही वेग हाच होता. त्यानंतर दिल्ली झालं, चेन्नई झालं, मुंबई सिटी आली, आणि महासंघानं त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं ते २०२२-२३ च्या हंगामासाठी. तेव्हा तो पंचविशी ओलांडत होता. मधल्या वर्षांत वाढला तो शेवटचा पास आणि गोलसमोरचं डोकं. विंगर उशिरा पिकतो. १६ व्या वर्षी घाई करणारा माणूस त्याला आंब्यासारखा आढीत घालून पिकवतोय असं समजा.

मग वाट कुठली? तुमच्याच गावातून अनिकेत जाधव गेला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून. २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला त्यात खेळला, पुढं आयएसएलमध्ये. पैसे भरून नाही, निवड होऊन. प्रबोधिनीचं दार तुमच्या मुलाच्या वयाला उघडं आहे का ते विचारून घ्या; शिवाय आयएसएल आणि त्याखालच्या लीगच्या क्लबांचे वयोगटाचे संघ असतात, त्यांच्या चाचण्या होतात, आणि महासंघाच्या युवा लीग आहेत. नवी मुंबईची रिलायन्सची आणि जमशेदपूरची टाटांची अकॅडमी निवडलेल्या मुलांचा खर्च स्वतः उचलते. चाचणीची तारीख क्लबच्या अधिकृत पानावरच बघा, व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या पत्रकावर नाही. जन्मदाखला आणि महासंघाच्या नोंदणीतली जन्मतारीख तंतोतंत जुळते का ते आजच तपासा. वयाच्या घोळात पोरं अडकलेली मी बघितलीत, आणि त्यातल्या निम्म्यांत चूक शाळेच्या दाखल्यावरच्या एका आकड्याची होती.

पुढंमागं करार आलाच तर दोनच गोष्टी लक्षात ठेवा. १८ खालच्या मुलाला तीन वर्षांपेक्षा लांब व्यावसायिक करारात बांधता येत नाही. आणि क्लबनं दोन महिन्यांचा पगार थकवला, तर लेखी कळवून पंधरा दिवसांची मुदत द्यायची, तरीही दिला नाही तर करार सोडून बाहेर पडता येतं. सही केलेली प्रत घरात ठेवा, क्लबच्या कपाटात नको.

मुदत घाला हवं तर. बारावीची परीक्षा होईपर्यंत कॉलेज, सकाळचा सराव, डॉक्टर सांगतील तितकेच सामने. परीक्षेनंतरचं एक वर्ष पूर्ण फुटबॉलचं, चाचण्या देत हिंडायचं, घरातून कोणी कुरकुर करायची नाही. त्या वर्षाचा खर्च साडेचार लाखांच्या जवळपासही जाणार नाही. पोराला हे सांगताना 'नाही' म्हणू नका, तारीख सांगा. १६ व्या वर्षी 'नाही' ऐकू येत नाही.

चाचणीला जाताना नवे बूट घेऊन देऊ नका, टाचा सोलतात. जुनेच असू देत, लेस नवी बांधा. आणि त्या एजंटाचा पुढचा फोन आला की उचलायला मंडळींना द्या.